‘पे नाऊ’च्या पानावर कोणाकोणाचा कोड?

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



देवगडच्या एखाद्या बागायतदाराची हापूस विकणारी वेबसाइट घेऊ. एप्रिलच्या मध्याला ठाण्यातला एक ग्राहक तिच्यावर येतो, चार डझनांची पेटी निवडतो, पत्ता भरतो आणि ‘पे नाऊ’ दाबतो. बटण दाबताच बागायतदाराच्या पानात पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरून जावास्क्रिप्टची एक फाइल उतरते, चालू होते आणि कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग असे पर्याय असलेली चौकट उघडते. ही फाइल बागायतदाराने लिहिलेली नाही, त्याची वेबसाइट बांधून देणाऱ्या डेव्हलपरनेही लिहिलेली नाही. काल होती तीच आज आहे का, हे तपासण्याची सोपी सोय दोघांकडेही नसते. शिवाय त्याच पानावर इतर ठिकाणांहून आलेल्या फाइलीही चालू असतात. एखादी भेटी मोजते, एखादी जाहिरातींचा माग ठेवते, एखादी चॅटची खिडकी उघडते.

पेमेंट कंपनीची फाइल बाहेरून आणण्यात गैर काही नाही. उलट तीच रीत बरी आहे. कार्डाचा नंबर दुकानदाराच्या सर्व्हरला शिवतसुद्धा नाही, थेट पेमेंट कंपनीकडे जातो. त्यामुळेच छोट्या बागायतदाराला, नाट्यसंस्थेला, देवस्थानाच्या ट्रस्टला किंवा गावच्या शाळेला ऑनलाइन पैसे घेणे परवडते. हे पत्र त्या सोयीच्या विरोधात नाही. त्या एका पानावर काय काय चालू असते आणि त्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याकडे रिझर्व्ह बँकेने लक्ष द्यावे, एवढ्यासाठी ते लिहिले आहे.

पेमेंटची फाइल पानात आणण्याचा भाग डेव्हलपरच्या पडद्यावर जेमतेम दहा-बारा ओळींचा असतो. नवा स्क्रिप्ट टॅग तयार करायचा, त्यात पेमेंट कंपनीचा पत्ता घालायचा, टॅग पानाच्या ‘बॉडी’ला जोडायचा आणि फाइल उतरल्याचा ‘ऑनलोड’ हा इशारा येईपर्यंत थांबायचे. रेझरपे या पेमेंट कंपनीच्या बाबतीत त्या पत्त्याच्या शेवटी ‘व्ही१’ आणि ‘चेकआउट डॉट जेएस’ असते. स्ट्राइप या दुसऱ्या पेमेंट कंपनीची अट अशी, की त्यांची फाइल त्यांच्याच सर्व्हरवरून आली पाहिजे. उतरवून आपल्याकडे ठेवायची नाही. दहा-बारा ओळी लिहिणे अवघड नाही, पण घाई नडते. ‘ऑनलोड’ची वाट न पाहता पुढची ओळ चालली, तर ‘रेझरपे इज नॉट डिफाइन्ड’ असा लाल अक्षरांतला संदेश फक्त डेव्हलपरला दिसणाऱ्या कन्सोलमध्ये उमटतो. ग्राहकाला मात्र मुके बटण दिसते. ‘ऑनएरर’ हाताळलेला नसेल, तर कणकवलीच्या कमकुवत नेटवर्कवर किंवा जाहिराती अडवणाऱ्या ब्राउझरमध्ये फाइल अडली, तरी कोणालाच काही कळत नाही. रिअॅक्टसारख्या साधनाने बांधलेल्या अॅपमध्ये ग्राहक पुढे-मागे गेला, की तोच टॅग पुन्हा जोडला जाऊन एकच फाइल दोनदा चालू शकते.

या चुका त्रासाच्या आहेत, पण त्या चाचणीत सापडतात. खरी अडचण त्या टॅगने दिलेल्या अधिकारात आहे. पानात एकदा उतरलेली स्क्रिप्ट भाडेकरू नसते. सातबाऱ्यावर नाव चढावे तसा तिला पानावर पूर्ण हक्क मिळतो. पानाचा स्वतःचा प्रत्येक रकाना ती वाचू शकते, बटणांची कामे बदलू शकते, नवी चौकट काढू शकते, आणि पानाने स्पष्ट बंदी घातलेली नसेल तर गोळा केलेले सगळे हव्या त्या पत्त्यावर धाडू शकते. ब्राउझरच्या लेखी पेमेंट कंपनीची स्क्रिप्ट आणि चॅटच्या खिडकीची स्क्रिप्ट यांच्यात काडीचाही फरक नाही.

ब्रिटिश एअरवेजच्या प्रवाशांना याची किंमत २०१८ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षी २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या काळात कंपनीच्या वेबसाइटवर किंवा मोबाइल अॅपवर तिकिटे काढणाऱ्यांचे कार्डतपशील चोरीला गेले. रिस्कआयक्यू या सुरक्षा कंपनीने शोध घेतला, तेव्हा सापडल्या अवघ्या २२ ओळी. ‘मॉडर्नायझर’ नावाच्या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोड-लायब्ररीच्या शेवटी त्या चिकटवलेल्या होत्या. ग्राहकाने बटणावरचे बोट उचलले, की फॉर्ममधली माहिती गोळा करून ‘बीएवेज डॉट कॉम’ या, नावावरून एअरवेजचाच वाटावा अशा पत्त्यावर पाठवायची, एवढेच त्यांचे काम. खरा व्यवहार नेहमीसारखा पार पडत होता आणि तिकीटही येत होते. म्हणून कोणाला संशय आला नाही. अॅपमधली काही पाने वेबसाइटवरूनच येत असल्याने अॅपही सुटले नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने आधी सुमारे १८.३ कोटी पौंडांच्या दंडाचा इरादा जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. यातली ती लायब्ररी एअरवेजच्याच सर्व्हरवर ठेवलेली होती, हे विसरता येत नाही. बाहेरची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवली की प्रश्न मिटला, अशी समजूत डेव्हलपरांमध्ये आढळते. या प्रकरणाने ती खोटी ठरवली आहे.

तिकीटमास्टरचे प्रकरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचे आहे. तिकीटमास्टर यूकेने आपल्या पेमेंटच्या पानावर इन्बेंटा कंपनीचा चॅटबॉट बसवला होता. हल्लेखोरांनी तिकीटमास्टरला हातही लावला नाही. त्यांनी चॅटबॉटची स्क्रिप्ट बदलली. फेब्रुवारी ते जून २०१८ या काळात ती स्क्रिप्ट कार्डांचे नंबर टिपत राहिली. ६ एप्रिलला मोन्झो या ब्रिटिश बँकेकडे एकाच दिवसात सुमारे ५० ग्राहकांच्या तक्रारी आल्या. बँकेने जुळवून पाहिले, तर त्यांतल्या ७० टक्के लोकांनी तिकीटमास्टरवर कार्ड वापरलेले निघाले. मोन्झोने इशारा दिला. तरी पेमेंटच्या पानावरून नेमके काय बाहेर जाते, हे तपासायला घेण्यात तिकीटमास्टरला नऊ आठवडे लागले. बार्कलेज बँकेच्या ६०,००० कार्डांवर गैरव्यवहार झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिकीटमास्टरला साडेबारा लाख पौंडांचा दंड झाला. इन्बेंटाचे म्हणणे असे, की आपली स्क्रिप्ट पेमेंटच्या पानावर वापरली जाते हे माहीत असते, तर आपणच ‘तसे करू नका’ असे सांगितले असते.

इन्बेंटाचा हा खुलासा आपल्याकडच्या प्रत्येक पेमेंट कंपनीने वाचावा. चॅटबॉट बनवणाऱ्याला तो कुठे बसतो हे माहीत नव्हते, आणि बसवणाऱ्याला त्याचे परिणाम माहीत नव्हते. देवगडच्या आपल्या बागायतदाराच्या पानावर आज अगदी हीच परिस्थिती असू शकते.

तिसरी घटना त्या मानाने ताजी आहे. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी शिकवणारी ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही सेवा जगभरातल्या वेबसाइट वर्षानुवर्षे वापरत होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पत्ता चीनमधल्या एका कंपनीने विकत घेतला. ही सेवा मुळात ज्यांनी सुरू केली, त्यांनीच तेव्हा लोकांना ‘हा टॅग काढून टाका’ असे सांगितले होते. फार थोड्यांनी ऐकले. जूनमध्ये सॅन्सेक या कंपनीने दाखवून दिले, की त्या पत्त्यावरून येणारा कोड मोबाइलवरच्या वाचकांना भलत्याच साइटवर नेतो आहे. एक लाखाहून अधिक वेबसाइट त्या टॅगवर उभ्या होत्या. त्यांतल्या एकाही मालकाने काही बदलले नव्हते. फक्त फाइलच्या पत्त्याचा मालक बदलला होता.

रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रात जे केले, ते जगाच्या पुढे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा करण्याचे पाऊल आपण ऑगस्ट २००९ मध्येच टाकले. ओटीपीशी आपली आज जी ओळख आहे, ती तिथून सुरू झाली. दुकानदारांनी कार्डनंबर साठवू नयेत म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यांच्या जागी टोकन आले. कार्ड नवे असताना ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवून, ग्राहकाला हवे तेव्हाच ते सुरू करता यावेत, ही सोयही आपलीच. या सगळ्यामुळे चोरलेला कार्डनंबर भारतात वापरणे अवघड झाले आहे.

पण परदेशातल्या अनेक साइटवर ओटीपी लागत नाही. परदेशी व्यवहार सुरू ठेवलेल्या कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे तिथे पुरतात. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत आपण याचीही दखल घेतली आणि बँकांना १ ऑक्टोबर २०२६ ची मुदत दिली. मात्र ओटीपीने चोरीचा तो क्षण टळत नाही. पानावर हक्क मिळवलेली स्क्रिप्ट खऱ्या चौकटीवर हुबेहूब खोटी चौकट काढू शकते, आणि त्या खोट्या चौकटीत ओटीपीसाठीही रकाना असू शकतो. यूपीआयचा क्यूआर कोड पानावर दाखवला जात असेल, तर तोही बदलता येतो. फोनमधल्या अॅपवर पैसे घेणाऱ्याचे नाव दिसते खरे, पण पेमेंट कंपनीचे किंवा एखाद्या फर्मचे अनोळखी नाव पाहण्याची ग्राहकांना इतकी सवय झाली आहे, की भलते नाव पाहून किती जण थांबतील?

मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आपण पेमेंट अॅग्रिगेटरांवर, म्हणजे या पेमेंट कंपन्यांवर, एक मोठी जबाबदारी टाकली: ज्या दुकानदारांना ते जोडून घेतात, त्यांच्या यंत्रणेत ‘पीसीआय डीएसएस’ या कार्डसुरक्षेच्या मानकाचे पालन होते का, हे तपासण्याची. तेव्हा ते मानक वेगळे होते. मार्च २०२२ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि ३१ मार्च २०२५ पासून तिच्यातल्या दोन नव्या अटी सक्तीच्या झाल्या. एक अट सांगते, की पेमेंटच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी ठेवा, ती का लागते हे लिहून ठेवा, तिला कोणाची मंजुरी आहे आणि ती बदललेली नाही याची खात्री कशी केली, हेही नोंदवा. दुसरी सांगते, की ग्राहकाच्या ब्राउझरला पान जसे पोहोचते, त्यात काही फेरफार झाला का, हे किमान आठवड्यातून एकदा पाहा. ब्रिटिश एअरवेज आणि तिकीटमास्टर येथे जे घडले, ते रोखायला या दोन अटी अगदी नेमक्या आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र मानक बनवणाऱ्या परिषदेने छोट्या दुकानदारांच्या प्रश्नावलीतून या दोन अटी वगळल्या. त्यांच्या जागी एकच विधान ठेवले: आपली साइट स्क्रिप्टमधून होणाऱ्या हल्ल्यांना बळी पडू शकत नाही, याची दुकानदाराने खात्री केली आहे. देवगडच्या बागायतदाराने ही खात्री कशी करायची? तो आंब्याच्या पेट्या भरतो आहे. त्याने वेबसाइट एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतली आणि तो मुलगा आता नोकरीनिमित्त हैदराबादला आहे. मोठ्या दुकानदाराकडे सुरक्षेची माणसे असतात. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याच्याकडून केवळ एक सही मागितली जाते. या सहीने एकही ग्राहक सुरक्षित होत नाही, हे स्पष्टच म्हणायला हवे.

डेव्हलपर आपल्या परीने काय करू शकतो, तेही पाहू. फाइल बदलली तर ती चालूच नये, अशी सोय ब्राउझरमध्ये आहे. ‘सबरिसोर्स इंटेग्रिटी’ नावाने ती जून २०१६ मध्ये वेबचे अधिकृत मानक झाली. टॅगमध्ये फाइलचा ठसा लिहायचा. उतरलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला नाही, तर ब्राउझर ती फेकून देतो. पॉलिफिलच्या काळात फाइल स्थिर असती आणि हा ठसा लावलेला असता, तर त्या लाखभर साइट वाचल्या असत्या. अडचण अशी, की पेमेंटच्या स्क्रिप्टवर हा ठसा सहसा लावताच येत नाही. कंपनी त्याच पत्त्यावरची फाइल कधीही बदलते. ठसा लावला, तर एखाद्या सकाळी ती बदललेली निघते आणि दुकान बंद पडते. अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर ते कोणाला परवडेल?

कंपन्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. एखादी बँक आपले ओटीपीचे पान बदलते, यूपीआयचा नियम बदलतो, फसवणुकीचा नवा प्रकार सापडतो. लाखो दुकानदारांना ‘टॅग बदला’ असे कळवून वाट पाहता येत नाही. फाइल लगेच बदलता येणे ही त्यांची खरी गरज आहे. पण जे वारंवार बदलते, ते सगळे दुकानदाराच्या पानात असण्याची गरज नाही. ते पेमेंट कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरच्या चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये राहू शकते. आयफ्रेमच्या आत काय चालते, ते बाहेरच्या पानाला वाचता येत नाही, आणि आतल्या कोडलाही बाहेरचे पान वाचता येत नाही. दुकानदाराच्या पानात उतरणारी फाइल मग अगदी छोटी राहील. तिचे काम चौकट उघडण्याचे आणि निकाल परत देण्याचे. ती क्वचितच बदलेल, तिला आवृत्तीचा क्रमांक देता येईल आणि तिचा ठसाही जाहीर करता येईल. बदलायचे ते चौकटीच्या आत बदला, आणि दुकानदाराच्या पानात उतरणारे स्थिर ठेवा: या पत्राची मुख्य मागणी हीच आहे. पेमेंट अॅग्रिगेटरांना परवाना रिझर्व्ह बँक देते. त्या परवान्याच्या अटींमध्ये ही अट घालणे केवळ आपल्याच हाती आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. बँकांना ‘बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता देण्याचा आणि बँकेतर वित्तसंस्थांसाठी ‘फिन डॉट इन’ आणण्याचा विचार आपण फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला, आणि बँकांचे पत्ते त्यानंतर बदललेही. ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. तोच पत्ता ब्राउझरच्याही कामाचा आहे. पानावर कोणत्या पत्त्यांवरून स्क्रिप्ट येऊ द्यायची, हे सांगणारा ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ नावाचा नियम प्रत्येक साइटला लावता येतो. पेमेंट कंपन्यांच्या स्क्रिप्ट ‘फिन डॉट इन’वरून येऊ लागल्या, तर पेमेंटच्या पानाचा हा नियम एका ओळीत मावेल: स्वतःचा पत्ता आणि आपल्या पेमेंट कंपनीचा ‘फिन डॉट इन’ पत्ता, बाकी सगळ्यांना मज्जाव. तिकीटमास्टरचा चॅटबॉट त्या ओळीपुढे टिकला नसता. शिवाय ज्या पत्त्यांची नोंदणी नियामकाच्या देखरेखीखाली होते, त्यांतला एखादा पॉलिफिलसारखा गुपचूप विकला जाणे फार कठीण.

चोरीशी संबंध नसलेला, पण याच स्क्रिप्टभोवती घडणारा एक रोजचा मनस्ताप आहे: ‘पैसे कट झाले, ऑर्डर आलीच नाही.’ स्क्रिप्ट पेमेंटचा निकाल आधी ब्राउझरला कळवते. अनेक डेव्हलपर त्या एका निरोपावर विसंबतात. ग्राहकाचे नेटवर्क नेमके तेव्हाच गेले, तर पैसे गेलेले असतात आणि दुकानाला पत्ता नसतो. उलट, निरोप बनावट असला, तर दुकान फुकटात माल पाठवते. म्हणून ऑर्डर आणि तिची रक्कम दुकानाच्या सर्व्हरवर ठरवावी. पैसे आल्यावर ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक आणि गुप्त किल्ली यांच्यावरून काढलेली सही तिथेच ताडून पाहावी. शिवाय पेमेंट कंपनीचा सर्व्हर थेट दुकानाच्या सर्व्हरला कळवील, असा ‘वेबहुक’ चालू ठेवावा. सप्टेंबर २०१९ च्या आपल्या परिपत्रकाने ग्राहकाला दिलासा दिला आहे. पैसे कापले गेले आणि दुकानाला निरोप मिळाला नाही, तर पाच दिवसांत परतावा, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण अशा व्यवहारांचे मूळ बहुतेकदा दुकानाच्या कोडमध्ये असते. जोडून घेताना सहीची पडताळणी आणि वेबहुक हे दोन मुद्दे तपासल्याशिवाय दुकानाला खरे पैसे घेऊ देऊ नयेत, असे पेमेंट कंपन्यांना सांगता येईल. चाचणीची खोटी कार्डे आणि चाचणीच्या किल्ल्या त्या आजही देतात. त्याच वातावरणात ही तपासणी आपोआप करून घेणे त्यांना जड नाही.

आणि ज्याच्याकडे डेव्हलपरच उरलेला नाही, त्याच्यासाठी स्क्रिप्ट हा पहिला पर्याय नसावा. ग्राहकाला पेमेंट कंपनीच्या स्वतःच्या पानावर नेणारी लिंक आज सगळ्या मोठ्या कंपन्या देतात. तिथे दुकानदाराच्या पानावरचा चॅट, जाहिराती, काहीच पोहोचत नाही. ग्राहक क्षणभर दुसऱ्या पत्त्यावर जातो, एवढाच तोटा. काही दुकानदारांना वाटते, की त्यामुळे गिऱ्हाईक बिचकते. पण तो पत्ता ‘फिन डॉट इन’ने संपणारा असला आणि लोकांना त्याची ओळख झालेली असली, तर बिचकण्याचे कारणही उरणार नाही.

शेवटी, दुकानदारांना त्यांच्या भाषेत माहिती मिळण्याबद्दल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. हे नियम आपल्याला लागू होतात, याची कल्पना देवगड, सांगली किंवा डोंबिवलीतल्या किती छोट्या दुकानदारांना असेल? ‘आरबीआय कहता है’ या मोहिमेने ओटीपी कोणाला सांगू नये, हे घराघरांत पोहोचवले. तीच ताकद आता दुकानदारांसाठी वापरावी. पेमेंटच्या पानावर कोणत्या स्क्रिप्ट आहेत हे ब्राउझरमध्ये कसे पाहायचे, कोणत्या काढायच्या, घोळ झाला तर पहिला फोन कोणाला करायचा, असे एक-दोन पानांचे टिपण मराठीत आणि इतर भारतीय भाषांत तयार करून घ्यावे. प्रत्येक पेमेंट कंपनीने ते नव्या दुकानदाराला खाते उघडतानाच द्यावे, आणि त्याच्या साइटवर स्क्रिप्टची यादी बदललेली दिसली, की त्याच्या फोनवर त्याच्याच भाषेत तसे कळवावे.

कळावे,
ऑनलाइन पैसे भरणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या नागरिकांच्या वतीने